आपण कुठल्या लाइनमध्ये?

रेल्वेच्या लांबच्या प्रवासात गाडीने वेग घेतला आणि जेवणाचे डबे उघडून पुन्हा पिशवीत गेले, की समोरच्या बाकावरचे गृहस्थ हमखास विचारतात, "आपण कुठल्या लाइनमध्ये?" हा 'लाइन' शब्द मराठीने इतका आपलासा केला आहे, की तो परका आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कोणी औषधांच्या लाइनमध्ये असतो, कोणी कापडाच्या, कोणी शिक्षणाच्या. उत्तर मिळते, समोरची मान डोलते आणि बोलणे पावसापाण्याकडे वळते. नेमक्या ह्याच प्रश्नाचे नाव घेऊन अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर एक खेळ साडेसतरा वर्षे चालला. 'व्हॉट्स माय लाइन?' हे त्याचे नाव. त्याचा पहिला भाग २ फेब्रुवारी १९५० रोजी दाखवला गेला आणि शेवटचा ३ सप्टेंबर १९६७ रोजी. फरक इतकाच, की तिथे उत्तर आयते मिळत नसे. ते शोधून काढावे लागे.

हा खेळ आपल्याकडे कोणी घरी बसून पाहिला असण्याचा संभव नाही. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ला, आणि तोवर सीबीएसवरची ही मालिका संपूनही पाच वर्षे झाली होती. मी तो पाहिला तो अलीकडे, यूट्यूबवर, अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सोबतीने. अण्णांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना रात्री झोप लागत नसे. वेदना विसरायला लावील, पण मन बेचैन करणार नाही, असे काहीतरी मी शोधत होते, आणि एका रात्री कृष्णधवल पडद्यावर एक बाई खडूने फळ्यावर आपले नाव लिहिताना दिसली. अण्णा म्हणाले, "थांब जरा, अक्षर बघू दे." अण्णांचे सारे आयुष्य अक्षरांत गेले आहे, त्यामुळे मी थांबले. पुढचे काही महिने आम्ही दोघांनी रोज रात्री ह्या खेळाचा एखादा भाग पाहिला. मी संभाषणाचे मराठी करून सांगत होते आणि ते ऐकत होते.

खेळाची मांडणी साधी होती. पाहुणा आत येई, फळ्यावर सही करी आणि सूत्रसंचालक जॉन डेली यांच्या शेजारी बसे. त्याचा व्यवसाय घरच्या प्रेक्षकांना पडद्यावर अक्षरांत दिसे आणि सभागृहातल्यांनाही कळवला जाई. ठाऊक नसे ते समोर ओळीने बसलेल्या चौघांना. त्यांनी केवळ 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. 'हो' आले तर त्याच व्यक्तीने पुढे विचारत राहायचे. 'नाही' आले की डेली समोरचे एक पान उलटणार, पाहुण्याच्या नावे पाच डॉलर जमा होणार आणि पाळी शेजाऱ्याकडे जाणार. दहा 'नाही' झाले की पाहुणा जिंकला आणि पन्नास डॉलर घेऊन गेला. शेवटच्या फेरीत एखादी प्रसिद्ध व्यक्ती येई, तेव्हा मात्र चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या जात आणि पाहुणा आवाज बदलून बोले. पहिल्या भागातला असा पाहुणा होता यांकीज संघाचा बेसबॉलपटू फिल रिझुटो.

आता कोणालाही वाटेल, की ह्या खेळाचे खरे आकर्षण ती शेवटची फेरी असणार. आम्हा दोघांच्या बाबतीत ते उलटे झाले. ज्यांचे नाव कधी कोणी ऐकले नव्हते आणि नंतरही ऐकले नाही, अशा माणसांच्या फेऱ्यांत आमचा जीव गुंते. पहिल्याच भागात न्यूयॉर्कच्या एका नामांकित क्लबात गिऱ्हाइकांच्या टोप्या नि कोट सांभाळणारी एक मुलगी पाहुणी म्हणून आली होती. तिच्या आयुष्यात किती माणसांनी तिच्या हाती टोपी दिली असेल आणि तिच्याकडे न पाहताच ते आत गेले असतील! त्या संध्याकाळी मात्र चार बुद्धिमान माणसे तिच्याकडे डोळे लावून, ही काय करत असेल, ह्याचा एकाग्रतेने विचार करत होती.

ह्या चौघांच्या पॅनेलवर वर्षानुवर्षे दिसलेली माणसेही साधी नव्हती. डोरोथी किलगॅलन वृत्तपत्रात स्तंभ लिहीत आणि खटल्यांचे वार्तांकन करत. त्यांचे प्रश्न वकिलाच्या उलटतपासणीसारखे एकेक दार बंद करत पुढे जात. आर्लिन फ्रान्सिस रंगभूमीवरच्या अभिनेत्री. गळ्यात हृदयाच्या आकाराचे लोलक आणि बोलण्यात अशी ऊब, की अवघडून बसलेला पाहुणा दुसऱ्या प्रश्नाला सैल होई. बेनेट सर्फ हे रँडम हाउस ह्या प्रकाशनसंस्थेच्या दोन संस्थापकांपैकी एक. हे कळल्यावर अण्णांनी त्यांच्याकडे नव्याने पाहिले. "म्हणजे आपल्याच लाइनमधला," असे ते म्हणाले, आणि तेव्हापासून सर्फ यांना ते 'आपले प्रकाशक' म्हणू लागले. चौथ्या खुर्चीवर माणसे बदलत राहिली. त्यांतल्या स्टीव्ह ॲलन यांचा एक प्रश्न अमेरिकेत म्हणीसारखा रूढ झाला: ती वस्तू ब्रेडच्या डब्याहून मोठी आहे का? तिकडच्या स्वयंपाकघरात ब्रेड ठेवायची पेटी ठरावीक आकाराची असे. मी त्याचे मराठी "पोळ्यांच्या डब्यापेक्षा मोठं का?" असे केले आणि अण्णांना ते तत्क्षणी पटले. वस्तूचा आकार हातांना ठाऊक असलेल्या गोष्टीवरून मोजायचा, ही रीत दोन्हीकडची एकच.

डेली यांच्याविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. जोहान्सबर्गमध्ये जन्मलेला हा माणूस मुळात बातमीदार. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी सीबीएस रेडिओच्या श्रोत्यांना दिली ती त्यांच्या आवाजाने, आणि १९४५मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निधनाचीही. असा माणूस रविवारी रात्री साडेदहा वाजता काळा सूट चढवून एखाद्या गवंड्याशेजारी बसे आणि त्याचे उत्तर 'हो' समजायचे की 'नाही', ह्याचा काथ्याकूट अत्यंत गंभीरपणे करी. समजा, कोणी विचारले, "तुमची वस्तू अंगावर घालतात का?" पाहुणा गोंधळे, डेली त्याच्या कानाशी लागत, मग सरळ होऊन लांबलचक वाक्यात सांगत, की अमुक अर्थाने घालतात, परंतु तमुक अर्थाने घालतात असे म्हणणे दिशाभूल करणारे ठरेल. मला ते वाक्य मराठीत करताना धाप लागे. पण त्या लांबण लावण्यात एक सचोटी होती. एका सामान्य माणसाच्या कामाबद्दल अर्धवट खरे बोलले जाऊ नये, ह्यासाठी हा माणूस इतके शब्द खर्च करत असे.

पॅनेलची कलाही हळूहळू आमच्या ध्यानात येऊ लागली. 'नाही' उत्तर आले तर पाळी जाते, म्हणून मुरलेला खेळाडू प्रश्नच नकारात्मक घडवी. "हे खाण्याचं नसावं, असं मी धरून चालू का?" असे विचारले, की खाण्याचे नसले तरी उत्तर 'हो' येते आणि पाळी टिकते. सभागृहातल्या हशाचाही ते माग काढत. साध्या प्रश्नावर लोक खळखळून हसले, की आपण नकळत नेमक्या जागी बोट ठेवले, हे त्यांना उमगे.

मला आतून हलवले ते एका बारीकशा गोष्टीने. प्रश्न सुरू होण्याआधी डेली एकच खूण सांगत: पाहुणा पगारी नोकर आहे, की स्वतःचा धंदा करणारा. एवढे सांगून खेळ सुरू होई. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला माझे शाळेचे अर्ज आठवले. 'वडिलांचा व्यवसाय' ह्या रकान्यात आम्ही दरवर्षी 'नोकरी' असे लिहीत असू. कॉलेजच्या अर्जात तेच लिहिले आणि माझे लग्न ठरवताना पाठवलेल्या माहितीपत्रकातही तेच. कोणीही त्यापुढे विचारले नाही. जिथे त्या खेळाची सुरुवात होत होती, तिथे आमच्याकडे चौकशी संपत होती.

मग मी ह्यावर विचार करू लागले, की आपल्या समाजात हा खेळ मुळात जन्माला आला असता का? फळ्यावर पाहुण्याने सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी असे आडनाव लिहिले की आपण गृहीत धरायचे ते धरून मोकळे. कुलकर्णी म्हटले की गावचे दप्तर, पोतदार म्हटले की नाणी पारखणे. अमेरिकेतही स्मिथ, टेलर, मिलर ही नावे धंद्यांवरूनच आली आहेत, परंतु मिलर आडनावाचा माणूस फळ्यापाशी आला तर तो पिठाची गिरणी चालवत असेल, असे पॅनेलमधल्या कोणाच्या मनात येत नसे. आपल्याकडे बारा बलुतेदारांचे काम पिढ्यान्पिढ्या ठरलेले, त्या कामाचा मोबदला म्हणून सुगीला मिळणारे बलुतेही ठरलेले, आणि कोणी काय करायचे हे जन्माआधीच सांगितलेले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मांडले होते. त्या विभागणीत कोणाला कोणाचे काम ओळखावे लागत नाही, आणि म्हणून कोणाला कोणाच्या कामाविषयी खरे कुतूहलही वाटत नाही. चेहऱ्यावरून, नावावरून काम सांगता येत नाही, ह्या एका गोष्टीवर तो सबंध खेळ उभा होता. मला ती गोष्ट फार मोठी वाटते.

अर्थात तिकडे सारे निर्मळ होते असे मला म्हणायचे नाही. एखादी देखणी तरुणी फळ्याकडे चालत आली की प्रेक्षकांतून शिट्ट्या येत, आणि ती पुरुषी समजला जाणारा व्यवसाय करते हे पडद्यावर उमटताच हशा उसळे. त्या हशात त्या काळाच्या समजुती स्पष्ट ऐकू येतात. सुरुवातीच्या पॅनेलवर लुई अंटरमायर नावाचे कवी होते. त्यांच्यावर डाव्या विचारांचा ठपका ठेवला गेला, कार्यक्रमावर दबाव आला आणि १९५१मध्ये त्यांना ती खुर्ची सोडावी लागली. त्यानंतर कितीतरी महिने ते घराबाहेर पडले नाहीत, असे नाटककार आर्थर मिलर यांनी नोंदवून ठेवले आहे. माणसाला त्याचे काम विचारणाऱ्या खेळाने एका माणसाचे काम काढून घेतले, हे मी विसरू शकत नाही. त्यांच्याच जागी पुढे सर्फ आले. हे अण्णांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

प्रसिद्ध पाहुण्यांपैकी एकच फेरी आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली, ती १९५७मधली साल्वादोर दाली यांची. तुम्ही रंगमंचावर दिसता का? हो. लेखन करता? हो. खेळांशी काही संबंध? हो. चित्रकार दालींना आपण जे करत नाही असे जगात काही आहे हेच मान्य नव्हते आणि डेली बिचारे प्रत्येक 'हो'ला आवर घालत होते. शेवटी मिशांवरून ते ओळखले गेले. उलट १९६३मध्ये पांढऱ्या पोशाखातले एक म्हातारे गृहस्थ आले, तेव्हा कोणाच्याही डोळ्यांवर पट्टी नव्हती. ते होते कोंबडीचे पदार्थ विकणारे कर्नल सँडर्स. आज त्यांचा चेहरा पुण्याच्या रस्त्यांवर पाट्यांवरून हसतो, पण त्या रात्री पॅनेलच्या दृष्टीने ते चेहऱ्यावरून न ओळखता येणारे एक सामान्य पाहुणे होते.

पन्नास डॉलरांची ती छोटी रक्कमही मला महत्त्वाची वाटते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मोठमोठ्या बक्षिसांच्या प्रश्नमंजूषा आतून ठरवलेल्या असतात, हे उघड झाले आणि त्या एकामागून एक बंद पडल्या. हा खेळ मात्र चालू राहिला. जिंकण्यासारखे फार काही नव्हतेच. लोक पाहत होते ते शोध घेण्याची रीत. शिवाय तो बहुतेक वेळा थेट प्रक्षेपित होई, आणि पडद्यावरचे चित्र फिल्मवर उतरवून घेतले म्हणूनच आज त्याचे भाग पाहायला मिळतात. थेट असल्यामुळे जगणे-मरणेही त्यात जसेच्या तसे आले. पॅनेलवर बसणारे विनोदकार फ्रेड ॲलन १७ मार्च १९५६च्या रात्री न्यूयॉर्कच्या रस्त्यात चालताना कोसळले आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, त्यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवून कार्यक्रम झाला. किलगॅलन ७ नोव्हेंबर १९६५च्या भागात नेहमीसारख्या प्रश्न विचारताना दिसतात. ८ तारखेला त्या घरी मृतावस्थेत सापडल्या. शेवटच्या भागात डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या चौघांसमोर गूढ पाहुणे म्हणून बसले ते खुद्द डेली. कोणी प्रसिद्ध पाहुणा आयत्या वेळी आला नाही तर आपणच ती जागा घ्यायची, अशी तयारी त्यांनी वर्षानुवर्षे ठेवली होती. तशी वेळ शेवटपर्यंत आली नव्हती.

ह्या खेळाची जर्मनीतली आवृत्ती रॉबर्ट लेम्बके यांनी, मधला काही वर्षांचा खंड सोडला तर, १९५५ ते १९८९ अशी, म्हणजे मूळ मालिकेच्या जवळजवळ दुप्पट काळ चालवली. तिथे प्रत्येक 'नाही'ला पाच मार्कांचे नाणे डुकराच्या आकाराच्या गल्ल्यात पडे. इंग्लंडमध्ये बीबीसीने १९५१पासून ती बारा वर्षे दाखवली. ह्या दोन्ही ठिकाणी एक सुंदर भर पडली होती: पाहुण्याने सुरुवातीला आपल्या कामातली एक हालचाल करून दाखवायची. ब्रिटिश आवृत्तीत स्टोक-ऑन-ट्रेंटच्या भांड्यांच्या कारखान्यातला एक कामगार आला होता, तो आजही आठवला जातो. भट्टीत भांडी ज्या मातीच्या पेटाऱ्यांत ठेवतात, त्यांचे तळ लोखंडी कड्यात माती ठोकून घडवणे, हे त्याचे काम. ते काम माणूस करतो हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते.

हालचालीची ती गोष्ट मी अण्णांना सांगितली आणि त्यांनी ती मनात ठेवली.

अण्णा चौतीस वर्षे पुण्यातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवायचे काम. पुढे संगणक आले, तेव्हा मालकांनी त्यांना बांधणीच्या खात्यात छापील कागदांचे फर्मे मोजायला बसवले आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. गेल्या दिवाळीत माझा मुलगा आणि सून नाशिकहून आली होती. सून घरात येऊन वर्षही झाले नव्हते, आणि अण्णांनी काय काम केले हे तिला खरोखरच माहीत नव्हते. माझ्या मुलाने तिला सांगितले होते ते 'नोकरी'. अण्णांनी स्वतःहून पाटी मागवली, तिच्यावर ठसठशीत अक्षरांत सही केली आणि ते खुर्चीत ताठ बसले. पान उलटायला मी होते.

त्यांनी डावा हात कोपरात वाकवून छातीशी धरला, जणू त्यात एक अरुंद पट्टी तिरकी धरली आहे. उजवा हात समोर गेला, काहीतरी बारीक उचलून परत आला, अंगठ्याने ते तपासले आणि डाव्या हातात बसवले. पुन्हा गेला, पुन्हा आला. नजर त्या हाताकडे नव्हती, कुठेतरी वर, न दिसणाऱ्या कागदाकडे होती. एरवी थरथरणारा तोच हात, ज्याला आता चहाची कपबशी पेलत नाही, त्या वेळी एकदाही चुकला नाही.

"मोती ओवता?" नाही. "तांदूळ निवडता?" नाही. "घड्याळाचे भाग जोडता?" नाही. तीन पाने उलटली. मग ती थांबली, विचार करून म्हणाली, "ह्यातून जे तयार होतं ते माझ्या घरात आहे का?" हो. "रोज वापरते?" अण्णांनी माझ्याकडे पाहिले, मी डेलींसारखी त्यांच्या कानाशी लागले आणि जाहीर केले, की पूर्वी रोज वापरत, आता तितके वापरत नाहीत, तरी उत्तर 'हो' धरावे. "खाण्याचं नसावं ना?" हो, नाहीच. नकारात्मक प्रश्नाची युक्ती तिला कोणी शिकवली नव्हती. आणखी दोन 'नाही' झाल्यावर तिने अण्णांच्या उजव्या अंगठ्याकडे बोट दाखवले. "प्रत्येक वेळी अंगठा का फिरवता त्याच्यावर?"

हा प्रश्न नियमात बसत नव्हता, पण अण्णांनी उत्तर दिले. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती अंगठ्याला लागली की अक्षर सुलटे आहे हे न बघता कळते. "खिळा" हा शब्द ऐकताच तिने टाळी वाजवली. तिच्या आजोबांच्या घरी जुन्या पोथ्या होत्या, आणि खिळ्यांच्या छपाईच्या पानाला पाठीमागून बोट लावले तर अक्षर हाताला लागते, हे तिला आजोबांनी दाखवले होते.

खेळ तिथे संपला होता, पण ती विचारतच राहिली. एका पानाला किती वेळ लागायचा, चूक सापडली तर काय करायचे, काना-मात्रा वेगळ्या बसवायच्या की कसे, इतकी जोडाक्षरे ठेवायची तरी कुठे. अण्णा सांगत होते, की इंग्रजी खिळ्यांपेक्षा मराठीची घरे कितीतरी अधिक, म्हणून खणांच्या लाकडी केसा समोर आणि दोन्ही बाजूंना मांडलेल्या असत.

"मग 'क्ष' कुठे असायचा?" तिने विचारले.

अण्णांनी मान वळवली नाही. डावीकडे, डोक्याच्या थोडे वर, हात सरळ गेला आणि रिकाम्या हवेत एका जागी थांबला.